मैनाबाईची डबी

मैनाबाई मेश्राम बसलेली मला आठवतच नाही. जेवतानाही ती उभीच असायची. डाव्या हातात भाताचा डबा, पाठ भिंतीला, आणि खाली पाय चाललेले. एक पाय थोडा पुढे, मग दुसरा, मग दोन्ही मागे. कोणी म्हटलं, "मैनाबाई, बस न वो घडीभर," तर म्हणायची, "बसाले लय जागा हाय पुढं. आता उभी राहू द्या."

आमगावच्या बाहेर, रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमची राईस मिल होती. मी तिथे लागले तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा तांदूळ व्हायचा. धान आधी हौदात भिजवायचं, मग वाफेवर उकडायचं, मग समोरच्या सिमेंटच्या मोठ्या आंगणात उन्हात पसरायचं. पसरलेलं धान एका जागी पडून राहिलं तर वरून करपतं आणि खालून ओलं राहतं. म्हणून ते सारखं फिरवावं लागतं. ते काम आम्हा बायकांचं. अनवाणी पायांनी धानात रेघा ओढत आंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि बाजूच्या रेघेने परत यायचं. तळपाय भाजतात, पण थांबलं तर जास्त भाजतात. मैनाबाई हे काम इतकी वर्षं करत होती की धान नसलं तरी तिचे पाय फिरत राहायचे. विहारात पौर्णिमेला वंदना चालू असायची, सगळे बसलेले, आणि मागे दाराजवळ मैनाबाई हात जोडून उभी. पायाखाली धान असल्यासारखी हलत.

पहिल्या दिवशी मी मिलच्या फाटकाजवळच थांबले होते. आत जाऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं. बायका कामाआधी पूर्वेच्या भिंतीजवळ जमलेल्या होत्या. त्यांच्यातली एक उंच, काळीसावळी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "नवी हाय का वो? ये इकडं. नाव काय तुहं?"

मी नाव सांगितलं, पण ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

"मुकी असशील तरी चालते. धान बोलत नाई कोणासंग. बोट पुढं कर."

तिच्या हातात पत्र्याची लहान, गोल डबी होती. तिच्यात गुडाखू. तंबाखू आणि गूळ एकत्र मळून केलेला काळा, चिकट लगदा असतो तो. आमच्याकडे बायका सकाळी त्याने दात घासतात, आणि मग दिवसातून कितीदा तरी घासतात. दाढ दुखली की गुडाखू, डोकं जड झालं की गुडाखू, पोटुश्या बाईला मळमळलं तरी गुडाखू. मिलमध्ये मात्र त्याचं आणखी एक काम होतं. मैनाबाईच्या डबीतला गुडाखू बोटावर मिळाला म्हणजे तुम्ही मिलच्या झालात. ज्या बाईला तिने डबी पुढे केली नाही, तिच्यासोबत कोणी जेवायला बसत नसे.

मी बोट तोंडात घातलं, दातांवर फिरवलं, आणि जरा वेळात सगळं आंगण माझ्याभोवती गरगरायला लागलं. मी खाली बसायला गेले तर तिने मला दंडाला धरून उभं केलं.

"बसू नोको. बसली का जास्त फिरते. चाल माझ्यासंग."

मला धरून तिने धानात चार फेऱ्या घातल्या. उलटी झाली ती आंगणाच्या कडेला. नंतर तीच म्हणाली, "झालं. आता तू आमची."

पुढे रोज सकाळी ती डबी पुढे करायची, मी बोट बुडवायची, आणि सगळ्या घासायला लागल्या की हात मागे नेऊन भिंतीला पुसून टाकायची. मला वाटायचं कोणाला दिसत नाही. एक दिवस ती माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "भिंतीले लावतेस ना? लाव. मिलच्या भिंतीचे दात मजबूत होऊन राहिले." दुसऱ्या कोणाला तिने हे सांगितलं नाही. डबी मात्र माझ्यापुढे रोज यायची.

मिलचा मुनीम तिला भीत असे. एकदा दुपारी आभाळ भरून आलं. आंगणभर धान पसरलेलं, आणि मुनीम खुर्चीत मान टाकून झोपलेला. मैनाबाईने त्याला उठवलं नाही. आम्हा सगळ्यांना हाका मारून, पळवत पळवत तिने धानाचे ढीग करायला लावले, वर ताडपत्र्या ओढल्या. पहिला थेंब पडला तेव्हा मुनीम डोळे चोळत उठला. ती त्याच्यापुढे जाऊन म्हणाली, "झोपा मुनीमजी. धान आमी उचलतो, पगार तुमी उचला." मुनीम हसला, पण त्या आठवड्यात त्याने कोणाची हजेरी कापली नाही.

माझ्याकडून तिला एक काम हवं असायचं, आणि ते तिने दुसऱ्या कोणालाच सांगितलं नाही. एक दिवस तिने मला हौदाच्या मागे नेलं, खाली वाकली आणि तोंड उघडलं.

"पाहजो अंदर. काय दिसते?"

ती जिथे गुडाखू दाबून ठेवायची तिथे, खालच्या ओठाच्या आतून डाव्या गालाकडे पांढरा पट्टा होता. पेज उतू जाऊन भांड्याच्या काठाला वाळते, तशी पापडी धरल्यासारखा. मी सांगितलं.

"मले माईत होतं," ती म्हणाली आणि खुशीत सरळ झाली. "कीड मेली. मेली का पांढरी पडते. दुखत नाई पाह काईच. म्हणजे बरं होऊन राहिलं."

"मलाच का दाखवलं, मावशी?"

"तू कोणाले सांगणार नाईस. तुझ्या तोंडातून तर नावबी निंघत नाई."

पण मग तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. दातातली कीड गुडाखूने मरते हे आमच्याकडे जुनंच होतं. पांढरं येणं ही मेल्याची खूण, हे मैनाबाईचं. तिने सांगितलं म्हटल्यावर कोणाला शंका आली नाही. बायका एकमेकींना विचारू लागल्या, "तुले पांढरं आलं का वो?" जिला आलं ती ओठ खाली ओढून दाखवायची. जिला नाही आलं तिला मैनाबाई सांगायची, त्याच जागी जास्त घास, येईल. मला हे पटत नसे. का ते मला सांगता आलं नसतं. चांगली कातडी पांढरी होते ती भाजल्यावर किंवा पाण्यात कुजल्यावर, एवढंच मला ठाऊक होतं.

मग शाळेत दातांच्या तपासणीचं शिबिर आलं. दंतमंजन फुकट मिळणार असं कळलं म्हणून मिलच्या बायका गेल्या. तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. हातात बॅटरी, तोंडाला पट्टी. मैनाबाईचा नंबर आला तेव्हा ती खुर्चीत बसायला तयार नव्हती. उभ्यानेच तोंड उघडलं. डॉक्टरणीने पांढऱ्यावर कापसाची पट्टी घासली. एकदा, दोनदा.

"मावशी, हे केव्हापासून आहे?"

"कीड मेली थे."

ती हसली नाही. म्हणाली, "कीड नाही, मावशी. दुधाची साय असती, जेवणाचं काही असतं, तर पुसून निघालं असतं. हे निघत नाही. म्हणजे आतली कातडीच बदलली आहे. गुडाखूने."

"दुखत नाई पण."

"दुखत नाही म्हणूनच बायका उशिरा येतात. सगळ्यांचं बिघडतं असं नाही. पण कोणाचं कॅन्सरकडे जाईल हे वरून बघून मला सांगता येणार नाही. गोंदियाला आमच्या दवाखान्यात या. लहानसा तुकडा काढून तपासू. आणि डबी आजच बंद करा."

मैनाबाईने मंजनाची पुडी घेतली आणि बाहेर पडली. वाटेने ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "दुखत नाई त्याले कापायचं. काल शिकून आली पोट्टी. लोखंड लागलं का पसरते, हे तिले कोण सांगन?"

तिचा दीर असाच गेला होता. गालात गाठ, गोंदियाला नेलं, कापलं, आणि महिन्याभरात संपला. कापायच्या आधी तो कितीतरी दिवस घरीच झाडपाला बांधून होता, पाणीही गिळत नव्हता, हेही तिनेच मला सांगितलं होतं. पण तिच्या हिशेबात तो कापल्यामुळे गेला.

त्यानंतर तिची डबी लवकर संपायला लागली. पांढऱ्यावर ती जास्त घासायची. धानातून चालायची तेव्हा तिच्या रेघा पूर्वी सरळ असायच्या, त्या वाकड्या व्हायला लागल्या. आणि दर दोन-चार दिवसांनी मला हौदामागे बोलवायची.

"पाह बरं. वाढलं का?"

बोटाच्या पेरावर मी तिला दाखवायची, एवढं होतं, आता एवढं आहे. डॉक्टरणीला ती चारचौघात नावं ठेवायची, पण आभाळाच्या उजेडाकडे तोंड करून माझ्यासमोर उभी राहायची तेव्हा तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले असायचे. मी काय म्हणते त्याच्या आधी मी कशी बघते ते ती बघायची. एकदा मी म्हटलं, "मावशी, मधे लाल ठिपका आहे."

तिने तोंड मिटलं. मग म्हणाली, "रक्त येऊन राहिलं असन तेथी. चांगलंच हाय." आवाज मात्र तिचा नव्हता.

तिची एकच मुलगी, संगीता. दवनीवाड्याला दिलेली. उन्हाळ्यात लहान मुलाला घेऊन माहेरी आली होती. एक दिवस आईचा डबा घरी राहिला म्हणून तो घेऊन मिलमध्ये आली. जेवणाची सुट्टी होती, आम्ही सगळ्या पूर्वेच्या भिंतीजवळ. संगीता आईसारखीच उंच आणि आईसारखीच मोठ्याने बोलणारी.

"आई," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझीबी कीड मेली." आणि तिने ओठ खाली ओढला.

बायकांनी वाकून पाहिलं. "हाव वो, आलं पांढरं," "मायची पोरगी शोभते," असं चाललं. मी मैनाबाईकडे पाहत होते. तिचे पाय थांबले होते. इतक्या वर्षांत मी ते थांबलेले पाहिले नव्हते.

"कोणं देली तुले डबी?" तिने विचारलं.

"कोणं म्हणजे? तूच तर देली. पोट होतं तवा मळमळे, त तूच धाडली न गावच्या माणसाच्या हातानं."

मैनाबाईने डबा घेतला. उघडला नाही. सुट्टी संपली, धानात उतरलो, आणि अर्ध्या रेघेत ती उभी राहिली. मुनीम ओरडला, "ओ मैनाबाई, धान जल जाएगा." तरी ती हलली नाही. मग तिथूनच तिने मला हाक मारली. संगीताला हौदामागे उभं केलं आणि मला म्हणाली, "हिचं पाह."

मी पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढं होतं. पांढरंच, लाल काही नव्हतं.

"माझ्यासारखंच हाय का?"

"तसंच आहे. पण लहान आहे, मावशी."

"गोंदियाले चाल उद्या," ती मुलीला म्हणाली.

"कायले?"

"डॉक्टरीण पाहीन. कापाचं असन त कापीन."

संगीता मागे सरकली. "मी नाई कापत. तूच सांगतेस न लोखंड लागलं का पसरते. काकाजीचं काय झालं, तूच त सांगे. आता कसाले उलटी बोलून राहिली?"

संगीता बोलत होती ते मैनाबाईचंच होतं. ते तिने इतक्या बायकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की परत घेता येत नव्हतं. तिने मुलीचा हात धरला. मग म्हणाली, "मंग पह्यले माझं कापू दे. तू पाह. पसरलं त तू जाऊ नोको. नाई पसरलं त मुकाट्यानं चालजो."

गोंदियाला ती मला सोबत घेऊन गेली. "तुले पाट्या वाचता येते," एवढंच कारण तिने दिलं. संगीता मूल घेऊन होती. पॅसेंजरमध्ये जागा असूनही मैनाबाई दाराशी उभी. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर सगळे रोगी ओळीने बसलेले, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती. प्रत्येक फेरीत आमच्यापुढून जाताना मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायची. नर्स वैतागली.

"ए मौसी, एक जगह बैठो ना."

"बैठी तो भाग जाऊंगी, बाई. चलने दे."

आत नेलं तेव्हा तिने डबी माझ्या हातात दिली. बाहेर आली तेव्हा तोंडात कापूस होता आणि बोलायची मनाई. ती डबी परत मागेल असं मला वाटलं होतं. तिने मागितली नाही. नुसती बोटाने दाखवत होती, चला, स्टेशनकडे चला.

मग निकाल येईपर्यंतचे दिवस. ती कामावर यायची, पण डबी नाही, बोलणं नाही. सगळ्या बायकांना तिच्या तोंडाचं काय होतं ते बघायचं होतं. काही तर पसरण्याचीच वाट बघत होत्या, वाईट इच्छेने नाही, आपण आजवर जे मानलं ते खरं निघावं म्हणून. संगीता रोज सकाळी आईचं तोंड बघायची. जखम भरत होती. पसरत नव्हती.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघी परत गोंदियाला गेलो. डॉक्टरणीने खुर्ची पुढे ओढून घेतली. म्हणाली, "कॅन्सर नाही. पण पेशी बिघडायला लागल्या आहेत. वेळेवर आलात. आता उरलेला पट्टा पूर्ण काढू. त्यानंतरही दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, कारण तो परत येऊ शकतो. आणि गुडाखू चालू ठेवला तर नक्की येईल."

मैनाबाईने एकच विचारलं, "हिचं?"

संगीताने तोंड उघडलं. डॉक्टरणीने पट्टी घासून पाहिली, बराच वेळ पाहिलं. "हे नुकतंच आहे. गुडाखू सोडला तर आपोआप जाऊ शकतं. थोडे दिवस बघू. नाही गेलं तर हिचाही तुकडा काढावा लागेल."

"सोडन ते," मैनाबाई म्हणाली. "मी सोडवीन."

पट्टा काढून झाल्यावर तिने माझ्याकडची डबी मागून नेली. मिलमध्ये ती परत आली, पण तिच्यात भाजलेला ओवा आणि बडीशेप होती. सकाळी पूर्वेच्या भिंतीजवळ उभी राहून ती डबी पुढे करायची. निम्म्या बायकांनी हसून घेतली. निम्म्यांनी घेतली नाही. आठवड्याभरात बाकीच्यांनी दुसरी डबी आणली आणि त्या पश्चिमेच्या भिंतीला उभ्या राहायला लागल्या. मैनाबाईला हे लागलं. जिच्या डबीशिवाय मिलचा दिवस सुरू होत नव्हता, तिच्या भिंतीला आम्ही पाच-सहा जणी उरलो. ती पलीकडे जाऊन सांगायची, "बायाहो, मीच सांगितलं होतं न कीड मेली म्हणून? आता मीच सांगून राहिली, नाई मेली. कीड नसतेच थे." त्या म्हणायच्या, "मैनाबाई, तवा खरं बोलत होती का आता?"

तिचा स्वभाव तेव्हा चिडका झाला. मुनीमाशी भांडायची, हमालांशी भांडायची. एकदा माझ्यावरच चिडली, "तू तरी काई बोलत जा न वो. सारा दिस माझाच आवाज आयकून राहिली मी." दुपारच्या वेळी तिचे हात कमरेला डबी शोधायचे आणि पाय नुसते धावायचे.

संगीताचं पांढरं गेलं. मी स्वतः पाहिलं. दिवाळीनंतर आली तेव्हा खालच्या ओठाच्या आत सगळं एकसारखं होतं. मैनाबाईने त्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीच्या बायकांना मुलीचं तोंड एकेकीला दाखवलं. त्यांच्यातल्या दोघी-तिघी गोंदियाला जाऊन आल्या. एकीने गुडाखू सोडला, एकीने धरला, सोडला, परत धरला.

आणि त्याच हिवाळ्यात एक दिवस मी बॉयलरमागे कोंडा आणायला गेले, तर मैनाबाई तिथे भिंतीकडे तोंड करून उभी होती. गुडाखूचा जळक्या गुळासारखा वास ओळखायला वेळ लागत नाही. तिने वळून पाहिलं. बोट तोंडात होतं.

"संगीताले सांगू नोको," ती म्हणाली.

तिने बोट काढलं आणि माझ्यासारखंच मागे नेऊन भिंतीला पुसलं. "हे भिंतच बरी," ती हसून म्हणाली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. त्यानंतर तिने मला हौदामागे बोलवलं नाही.

पुढे मिलच्या सेठने धान वाळवायचं मशीन आणलं. आंगणात पाय लागत नाहीत म्हटल्यावर बायकांचं काम सुटत गेलं. मैनाबाईचं पहिलं सुटलं. संगीता म्हणाली, एकटी इथे काय करशील, माझ्याकडे चल. गोंदियाला उतरून तोंड दाखवायचं होतं आणि तिथून पुढे दवनीवाड्याला.

मी त्यांना आमगावच्या फलाटावर सोडायला गेले. एक गाठोडं, एक पत्र्याची पेटी. मैनाबाई फलाटावर उभी, पाय चालू. पायाखाली सिमेंट होतं, मिलच्या आंगणासारखंच. तिच्या पुढे-मागे सरकण्याने त्यावरच्या धुळीत बारीक रेघा उमटल्या होत्या.

"इकडं ये वो संगीता," ती म्हणाली. "तोंड उघड. हिले पाहू दे."

"फलाटावर, आई?"

"उघड म्हणते न."

संगीताने हसत तोंड उघडलं. सकाळचं ऊन होतं, सगळं नीट दिसत होतं. मी ओठ खाली करून पाहिलं, गालाच्या आत पाहिलं.

"लाल आहे, मावशी. सगळं चांगलं आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

मैनाबाईने श्वास सोडला. गाडी येताना दिसली. मी म्हटलं, "आणि तुझं, मावशी?"

"माझं कायले पाहतेस आता," ती म्हणाली. "माझं डॉक्टरीण पाहीन. तुले पाहाचं होतं ते पाहून झालं तुहं."

तिने पेटी आत ढकलली, मुलाला चढवलं, मग स्वतः चढली. संगीता आत जाऊन बसली. मैनाबाई दारात दांड्याला धरून उभी राहिली. गाडी सुटली तेव्हा मी हात वर केला. तिनेही केला. नेहमी ती लांबूनही काहीतरी ओरडून बोलायची, आता बोलली नाही. ओठ घट्ट मिटलेले होते, खालचा डाव्या गालाकडे जरा फुगलेला.

गाडी पुलापर्यंत जाईस्तोवर मला दिसत होतं. दारात तिचे पाय हलत होते, एक पुढे, एक मागे.